अठरा घरांचा खुलासा

कर्जत, ४ जानेवारी १९२८

संस्थानाचं उत्तर आलं एकदाचं. तीन महिन्यांनी तीन ओळी. 'दरबारची शिष्यवृत्ती संस्थानच्या रयतेपुरतीच आहे.' मग हे जाहिरातीत छापायला काय दातखीळ बसली होती?

आतापर्यंत नाही म्हणालेले : सरकार (साऱ्या इलाख्याला एक जागा, ती दुसऱ्याला गेली). आमच्या जातीचा फंड (सेक्रेटरी म्हणाले, "विलायत? आम्ही सातवीच्या पुढे जात नाही."). आता संस्थान. इकडे विद्यापीठाचं पत्र ट्रंकेत आहे. टाऊन प्लॅनिंगच्या वर्गात जागा दिली, ऑक्टोबरात हजर व्हा. हजर काय डोंबल होतो! बोटीचं भाडं कोण भरणार? लोकल बोर्डाच्या ओव्हरसियरचा पगार घरातच पुरत नाही.

संध्याकाळी स्टेशनाच्या वाटेवर भाताच्या गाड्या पुन्हा तुंबल्या. दोन तास. एका बैलाने दुसऱ्याच्या गाडीतलं गवत खाल्लं, त्यावरून मारामारी. आपल्याकडे आधी घर होतं, मग भांडण होतं, मग रस्ता. हे उलटं करायचं शास्त्र आहे आणि मला ते शिकायचं आहे, एवढंच. फार मोठं मागत नाही मी.

९ जानेवारी

मुंबईच्या एका ट्रस्टचा फॉर्म आला. कर्जाऊ शिष्यवृत्ती, प्रवास धरून. अटी दोन. एक, दोन जामीन, पैकी एक इन्कमटॅक्स भरणारा. दुसरी, 'उमेदवाराने स्वतः मोजून तयार केलेला, परिचयाच्या गावाच्या सुधारणेचा नकाशा.' 'स्वतः मोजून'च्या खाली रेघ. बरं वाटलं. कुणीतरी शहाणं माणूस बसलंय तिथे.

सौ.ला वाचून दाखवलं. ती तांदूळ पाखडत होती. मी सांगत सुटलो. वर्षभर विलायत, मग मुंबईत मोठी जागा, मग दादरला बिऱ्हाड. म्हणाली, "बाजारात तुरी... पुढचं तुम्हाला येतंच." मग थोड्या वेळाने, सूप न थांबवता, "तिकडं थंडीत डोक्याला काय बांधतात हो?"

१५ जानेवारी, गावी

संक्रांतीला सायकलने आलो. खालापूरपर्यंत रस्ता बरा, पुढे हाडं खिळखिळी. वडिलांना, म्हणजे दादांना, जामीन राहायला विचारलं.

"मंजे सई करायची ना? कर म्हन की. माजी जमीन हाय."

"दोन जामीन लागतात, दादा. एक इन्कमटॅक्सवाला."

"त्यो कोन?"

समजावलं. दादा बराच वेळ तंबाखू मळत बसले. "मंजे सरकारला जो जास्ती देतो त्यो खरा मानूस. आन् मी शेताचा धारा भरतो, त्यो?"

मग त्यांनीच विचारलं, "शिकून तू व्हनार कोन?"

"गावं कशी वसवायची ते शिकणार."

"त्ये शिकावं लागतंय व्हय रं? ह्ये गाव कुनी वसवलं? पानी बघितलं नि बसली मानसं."

आई तिळगूळ देताना डोळे पुसत होती. मी अजून कर्जतच्या पुढे गेलो नाही आणि हिचं बोट सुटलेली बघून झालं.

२२ जानेवारी, कर्जत

रविवार. मोजणीला सुरुवात. स्टेशनापासून नदीपर्यंत सरळ, रुंद रस्ता. दोन्ही बाजूंना गटार, झाडं, गाड्या उभ्या करायला मोकळी जागा, भाजीवाल्या बायकांना ओटा, बैलांना पाण्याचा हौद. डोक्यात सगळं तयार आहे, कागदावर यायचं बाकी.

साखळी ओढायला गोमा. नदीकडच्या कातकरवाडीतला. दादांपेक्षा वयाने मोठा असेल. बोर्डाच्या मोजणीला तोच असतो नेहमी. बोलणं कमी, पण साखळी त्याच्यासारखी ताणणारा दुसरा नाही. मधे झोळ पडू देत नाही. खुंट्या त्यानेच तासून आणल्या. डोक्यांना गेरू लावला, लांबून दिसाव्या म्हणून. त्याची बायको बुधी आमच्याकडे सरपणाची मोळी टाकते. सौ.चं नि तिचं मेतकूट आहे.

ऊन मी म्हणतंय. जानेवारी कसला हा!

२९ जानेवारी

रेघ सरळ नानाशेठच्या भातगिरणीतून जाते. खळं अर्धं, गोदाम सगळं. काय करू? स्टेशन इथे, नदी तिथे. मधे गिरणी कुणी बांधायला सांगितली होती?

आणि सबंध तालुक्यात माझ्या ओळखीचा इन्कमटॅक्स भरणारा माणूस एकच. नानाशेठ!

हात् तिच्या.

३ फेब्रुवारी

ना. शे. ने बोलावणं धाडलं. गेलो. पाट मांडून पोहे, वर ओलं खोबरं. जावई आल्यासारखं. मग,

"ओव्हरसियरसाहेब, ऐकलं ते खरं? गिरणीवरून सरकारी रस्ता जातोय?"

"सरकारी नाही हो. माझ्या परीक्षेचा. कागदावरचा."

"कागदावरचाच वाईट. भिंत पडून जाते, कागद फायलीत राहतो. वीस वर्षांनी कुणीतरी काढतो आणि म्हणतो, हे बघा, इथून रस्ता आहे."

हे अगदी खरं आहे. हा माणूस टाऊन प्लॅनिंग न शिकता हे जाणतो.

जामिनाचं काढलं तर म्हणे एका पायावर तयार आहे. "गावचा मुलगा विलायतेला जातो, अभिमान आहे. पण माझ्याच गिरणीवर रेघ मारलेल्या कागदाला मी जामीन? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. थोडी डावीकडे घ्या की."

"डावीकडे कातकरवाडी आहे, शेठ."

"तेच म्हणतो मी. तिकडे आहे कोण?"

चहा घेऊन आलो.

७ फेब्रुवारी

चार दिवस नुसता घिरट्या घालतोय. कचेरीत खालापूरच्या दोन पत्रांवर चुकीचे आकडे टाकले. हेडक्लार्क म्हणाले, "लक्ष बोटीवर आहे वाटतं."

डावीकडून नेली तर रस्त्याला एक वळण येतं. वाईट नाही. जमीन सरकारी पडीक, भरपाईचा खर्च वाचतो. समिती खूष होईल. शिवाय हे होणार थोडंच आहे? परीक्षेचा नकाशा. विलायतेत माझ्यासारखी शंभर पोरं शंभर नकाशे काढत असतील, म्हणून काय शंभर गावं पाडतात?

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. म्हण बरोबर आहे. फक्त इथे पोहे गाढवानं खाल्ले.

१२ फेब्रुवारी

रविवार. नवी रेघ मारली. कागदावर नुसती सरकवली असती तर अर्ध्या तासाचं काम. पण 'स्वतः मोजून'. बाकी काहीही म्हणा मला, खोटं माप मी टाकलेलं नाही कधी. टाकणारही नाही. सकाळी सातला निघालो, पाचला संपवलं.

वाडीत अठरा घरं. सगळी कुडाची. बायका बाजूला उभ्या राहून बघत होत्या. नेहमी काहीतरी फिदीफिदी चालतं त्यांचं, आज नाही. एक खुंटी गोमाच्याच ओट्याच्या कडेला आली. त्याने वर बघितलं.

"सायेब, हितं?"

"हो, तिथंच."

त्याने ओट्याची माती हाताने बाजूला सारली आणि ठोकली. सरळ, ओळंब्यात. मग हात झाडून पुढच्या टोकाला गेला.

काही विचारलं नाही. मीही बोललो नाही. काय सांगायचं होतं? काही होणारच नाहीये.

१३ फेब्रुवारी

सांगायला हवं होतं बहुतेक. पुढच्या खेपेला सांगीन.

२० फेब्रुवारी

नकाशा शाई करून संपला. देखणा झालाय, माझं मलाच सांगतो. गटारं निळी, झाडं हिरवी, वाडी पिवळी. अठराही घरं जिथल्या तिथे दाखवली आहेत, लपवाछपवी नाही.

ना. शे. ने चष्मा लावून पाहिला. गिरणीवर बोट ठेवलं, रेघेवर ठेवलं, दोन्हीत अंतर आहे याची खात्री केली आणि फॉर्मवर झोकदार सही ठोकली. दादांची सही गेल्या आठवड्यातच आणली होती, मोडीत, कागद फाटेस्तोवर दाबून केलेली. रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पावती गणपतीच्या तसबिरीमागे.

येताना शीळ घालत आलो. सौ. म्हणाली, लोक काय म्हणतील. म्हणू देत की! मंजुरी आली की ना. शे. ने मामलेदारापुढे आणखी एकदा सही करायची, की झालं. खुंट्या तशाच ठेवल्या आहेत, ट्रस्टचा माणूस तपासायला आला तर हव्यात.

२४ फेब्रुवारी

सौ. सकाळपासून करवादलेली. चार दिवस बुधी मोळी घेऊन आली नाही. ओल्या फाट्यांवर चूल धुमसते. "ताप आला असेल," मी म्हटलं. "सगळ्यांनाच? बाजारात त्यांच्यातली एक बाई नाही." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही जाऊन बघा."

मीच का म्हणून?

२६ फेब्रुवारी

वाडी नाही.

म्हणजे तिथे जागा आहे, चुली आहेत, ओटे आहेत. घरं नाहीत. वासे, कारव्यांचे कुड, छपराचं गवतसुद्धा नेलंय. मोडतोड कुठे नाही, सगळं सोडवून नेल्यासारखं. कोंबडीचं पीस नाही. फक्त माझ्या खुंट्या. ओळीने. एकही हललेली नाही. घरं काढताना खुंट्यांच्या बाजूने गेलेत, धक्का लागू नये म्हणून.

गोमाच्या ओट्यावर बसलो होतो. किती वेळ, माहीत नाही.

सौ.ला सांगितलं. ती भाकरी थापत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

२९ फेब्रुवारी

कुणाला विचारावं तर सगळे हसतात. "कातकरी ना? आज इथे, उद्या तिथे." पानवाला, टांगेवाला, हेडक्लार्क, सगळ्यांचं हेच. गोमा माझ्या आठवणीत कायम इथेच होता. माझ्या आधीच्या ओव्हरसियरच्या वेळीही इथेच होता. आज इथे उद्या तिथे काय?

झोप नाही. खाणं नाही. चिडचिड. कचेरीत शिपायाला उगीच बोललो, नंतर त्याला विडी दिली.

४ मार्च

रविवार. सापडले. भिवपुरीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला, ओढ्याकाठी. सायकल वाटेत टाकून चालत गेलो. ओढ्याला पाणी गुडघ्याएवढंही नाही. चैत्र संपेपर्यंत आटणार. घरं अर्धी उभी. तेच वासे.

गोमाने बसायला पाट नाही म्हणून घोंगडी टाकली. मी सरळ सुटलोच त्याच्यावर. "अरे, न सांगता निघून काय आलात? कुणी हाकललं तुम्हाला?"

"कोनी नाय."

"मग?"

"खुंटी आली ना, सायेब."

मला राग आला, खरंच आला. "खुंटी आली म्हणजे काय झालं? रस्ता व्हायला बोर्ड लागतं, ठराव लागतो, पैसे लागतात! दहा-दहा वर्षं जातात!"

त्याने शांतपणे सांगितलं. मोठ्या माणसाने लहानाला सांगावं तसं. "खुंटीमागनं मुकादम येतो. त्यो आला का कुड बी मोडतो, मडकी बी फोडतो. वासं त्याचं व्हतात. खुंटी बघून आदी निघालं तर वासं आपलं. माज्या बापानं दोनदा वासं गमावलं. मी नाय गमावलं कदी."

सांगितलं मग. की तो रस्ता नाही. परीक्षा आहे. मला विलायतेला जायचंय, शिकायला, त्यासाठी कागद काढला. गोमा ऐकत होता. बुधी दगडाआड भांडी घासत होती, तिने घासणं थांबवलं.

"मंग रस्ता व्हनार नाय?"

"नाही."

"कदीच?"

ना. शे. चं फायलीचं बोलणं आठवलं. म्हटलं, "माझ्याकडून तरी नाही."

"मंग ठोकल्या कशाला?"

"मापं खरी हवीत म्हणून."

हे बोललो तेव्हा मला माझीच लाज वाटली. नुसती कागदावर खोटी रेघ ओढली असती तर हे सगळे आज घरी असते.

परत चला म्हटलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी गोमा म्हणाला, शिमगा होऊ दे.

६ मार्च

शिमगा. सकाळीच खुंट्या उपटायला गेलो, तर वाडीच्या जागेभोवती काट्यांचं कुंपण. आत ना. शे. च्या गवताच्या गंजी, दोन गाड्या, एक गडी राखणीला.

गिरणीत गेलो. ना. शे. गुलाल लावून बसलेला, मलाही लावला. म्हटलं, "शेठ, ती जागा सरकारी आहे."

"पडीक आहे. चार दिवस गवत टाकलं तर सरकार काय उपाशी मरतं?"

"माणसं परत येताहेत तिथे."

"कोण म्हणतं? आपणहून गेलीत. मी बोट लावलं? तुम्ही लावलं? कुणीच लावलं नाही. देवाने केलं म्हणा." मग आवाज खाली आणून, "साहेब, मंजुरी यायची आहे अजून. मामलेदारापुढे सही व्हायची आहे. कशाला नसता व्याप?"

घरी आलो. गुलाल निघता निघेना. सौ. म्हणाली, "घासा, घासा."

१४ मार्च

बोर्डाला अतिक्रमणाचं पत्र लिहायला घेतलं. माझं कामच आहे ते. तीन ओळी लिहिल्या. 'मौजे कर्जत येथील सरकारी पडीक जमिनीवर...' फाडलं नाही, पाठवलंही नाही. टेबलाच्या खणात.

मंजुरी येऊ दे, मग पाठवू. आधी पाठवलं तर मंजुरी येऊन उपयोग काय? सही कोण करणार?

असा विचार करणारा माणूस मी आहे हे मला माहीत नव्हतं. बरं झालं कळलं. बरं कसलं!

२३ मार्च

ट्रस्टचं पत्र. घाईत पाकीट वेडंवाकडं फाटलं.

नकाशा समितीला पसंत आहे. मोजणी 'विशेष अचूक'. मुलाखतीची गरज नाही. फक्त एका गोष्टीचा खुलासा ३१ मार्चपर्यंत पोचावा, मग मंजुरी : 'आपल्या रस्त्याच्या मार्गावर अठरा घरे दाखविली आहेत. त्यांतील माणसांची सोय आपण कोठे केली आहे, ते नकाशावर आढळले नाही.'

आढळणार कसं? केलीच नाही. नकाशा पुन्हा डोळ्यांपुढे आणला. गटार आहे. झाडं आहेत. भाजीवाल्यांचा ओटा आहे. बैलांना पाण्याचा हौद आहे, वीस बैल एका वेळी पितील एवढा, मापासकट. अठरा घरं उठवली आणि ती कुठे जाणार हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. आणि मी टा. प्लॅ. शिकायला निघालोय!

मुंबईत बसलेल्या कुणा म्हाताऱ्याला एका नजरेत दिसलं. रडू आलं. सौ. ने विचारलं, "नाही म्हणाले?" म्हटलं, "हो म्हणाले."

२५ मार्च

रविवार. दिवसभर मसुदे. पहिला : 'सदरहू जागी हल्ली एकही घर नाही. जागा मोकळी आहे.' शब्द न् शब्द खरा. जाऊन पाहून घ्या म्हणावं. कुणी तपासायला आलं तरी मी सापडायचो नाही. एवढं खरं लिहून एवढं खोटं बोलता येतं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

दुसरा : नदीच्या वरच्या अंगाला चौकोन काढायचा, 'नवी वाडी, अठरा घरे' लिहायचं. दहा मिनिटांचं काम. पण फॉर्मच्या अटीत रेघ मारून ठेवलंय, 'स्वतः मोजून'. तिथे मोजायला गेलो तर शेजारची ठाकरवाडी उठेल.

तिसरा : घडलं ते सगळं. मग शिष्यवृत्ती गेली, ना. शे. गेला, कदाचित नोकरीही.

सौ.ला तिन्ही वाचून दाखवले. दुसऱ्यावर हसली. पहिल्यावर म्हणाली, "हे फार छान लिहिलंय." अशा आवाजात म्हणाली की मी कागद उलटा ठेवला.

२७ मार्च

गोमा आला होता. अंगणातच उभा. पाणी दिलं. वाटलं, कुंपणाचं काढेल. त्याने विचारलं,

"पैसं मिळालं का, सायेब?"

"अजून नाही. का रे?"

"मिळूं दे बाबा. आमी सगलीजनं म्हनतो, सायेबाला पैसं मिळूं दे. सायेब तिकडं गेला का आमी हिकडं येऊ."

म्हणजे मला शिष्यवृत्ती मिळावी असं मनापासून वाटणारी माणसं जगात कुणी असतील तर ती ओढ्याकाठची. त्यांचा हिशेब सरळ आहे. खुंट्यावाला गेला की जागा मोकळी.

कुंपण त्याने पाहिलं होतं. "गवत काय, पावसाला उचलतील," म्हणाला. उचलणार नाहीत. मला माहीत आहे, त्यालाही माहीत असावं.

३० मार्च

अर्धा दिवस रजा टाकून ओढ्यावर गेलो. खुलासा मागितलाय ना, तर ज्यांची सोय करायची त्यांनाच विचारू की कुठे हवी! इतकी साधी गोष्ट सुचायला सात दिवस लागले. साखळी नेली नाही. खुंट्या नाहीत. वहीसुद्धा नाही. दोन हात हलवत गेलो.

ओढा आटत आलाय. बायका वाळूत खड्डा करून वाटीवाटीने पाणी भरताहेत. तिथे राहून भागणार नाही हे उघड. ओढ्यापासून पहिल्या घरापर्यंत किती लांब असेल म्हणून चालत निघालो. सवय मेली! तोंडाने पावलं मोजत असेन, एकोणीस, वीस, एकवीस. वर बघतो तर बुधीने चुलीवरचं मडकं उतरवलंय. पलीकडे एकजण छपराचा बंध सोडायला लागलाय. कुणी ओरडलं नाही. कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. कामाला लागली सगळी.

मी ओरडलो. "अरे, थांबा! मोजत नाही मी! शपथ!"

गोमा धावत आला, मला दंडाला धरून खाली बसवलं. "चालू नका, सायेब. बसा." मग त्यांना हाताने खूण केली. बंध सोडणारा तसाच उभा राहिला, एक टोक हातात धरून.

बुधीने तेच वाटीभर पाणी मला दिलं. पिऊ नये असं वाटलं आणि प्यालो. मग सांगितलं, मुंबईहून मोठ्या लोकांनी पत्र पाठवलंय. विचारलंय, रस्ता झाला तर ही अठरा घरं कुठे राहणार? तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते मी लिहितो, जसंच्या तसं.

असं कधी कुणी विचारलं नसणार. मग आपसांत त्यांच्या बोलीत बोलले, मला अर्धं कळलं. एक म्हातारी हसली. शेवटी गोमा माझ्याकडे वळला. चिडलेला नव्हता. मला अडचण आहे आणि ती सोडवायला हवी, अशा चेहऱ्याने बोलला.

"तेनला लिवा, सायेब. आदी तुमी कुटं ऱ्हानार त्ये सांगा. मंग आमी तिथनं लांब ऱ्हातो."

उतरून आलो. सायकल ढकलतच. आता तिन्ही मसुदे पुढे आहेत आणि चौथा कोरा कागद. त्यावर गोमाचं वाक्य इंग्रजीत लिहून पाहिलं. फार उद्धट वाटतं. तो उद्धट नव्हता. पुन्हा लिहिलं, तरी वाटतं.

उद्या एकतीस. टपालाने आता पोचायचं नाही. सकाळच्या गाडीने मीच नेऊन द्यायला हवं. सौ. ने कोट झटकून खुंटीला लावलाय आणि विचारतेय, कुठला कागद खिशात ठेवू?